राब न भाजलेलं वर्ष

आमच्या घरात वर्षातले चार महिने धुराच्या तयारीत जायचे. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, म्हणून नीट सांगते.

भात आम्ही थेट शेतात पेरत नाही. आधी एका वाफ्यात दाट पेरून रोपं करायची, ती वीतभर झाली की उपटून खाचरांत लावायची. आणि ज्या वाफ्यात रोपं करायची तो वाफा आधी भाजायचा. खाली शेण, त्यावर झाडांच्या फांद्या, म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा, त्यावर पेंढा, सगळ्यात वर मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट्या बाजूने विस्तव लावायचा, म्हणजे आग धावत नाही, हळूहळू सरकते. याला राब भाजणं म्हणतात. राब भाजला की तण जळतं, राख मिळते, रोपं जोमदार येतात. उरणच्या रस्त्याला, गव्हाणच्या आतल्या अंगाला आमचं गाव आहे, तिथे माझ्या आजोबांच्या आजोबांनीही हेच केलं असणार.

पौष संपला की आय टेकडीवर कवळ तोडायला जायची. तिसरीत असल्यापासून मीही जायचे. बाबा तेव्हा मिठागरावर असायचे. मिठागराचा आणि कवळाचा हंगाम एकच, त्यामुळे राब हे बायकांच्या डोक्यावरचं काम. शाळेच्या आधी दोन भारे, सुट्टीच्या दिवशी पाच. भाऱ्याखाली मान अशी दबायची की वर्गात फळ्याकडे बघताना दुखायची. चैत्रात राब पेटला की कपड्यांना, केसांना, वह्यांना धुराचा वास. माझ्या बाकावर मुली बसायच्या, पण तोंड जरा पलीकडे करून. भात दिवाळीला घरात यायचं आणि शिमग्यानंतर वाटीने मोजून शिजायचं. पेज पातळ होत गेली की समजायचं, आता राब जवळ आला.

आयचा खोकला कधी सुरू झाला ते कुणालाच आठवत नाही. राबाच्या दिवसांत वाढायचा, पावसात कमी व्हायचा, म्हणून त्याला कुणी आजार म्हटलं नाही. 'राबाचा ठसका' म्हणायचे.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. पनवेलला रसायनशास्त्रात पदवी घेतली, मग एम.एस्सी. केलं. हे मी मिरवून सांगते, कारण मिरवण्यासारखं आहे. पण याच मिरवण्याने एका वर्षी माझ्या घराचं भात जवळजवळ घालवलं होतं. तेही सांगायला हवं.

तळोज्याला एका छोट्या कारखान्यात मला नोकरी लागली, राहायलाही तिकडेच खोली घेतली. कारखाना कसला, एक शेड, दोन मोठ्या टाक्या, एक प्रयोगशाळा आणि मागच्या अंगणात झाकणाचे लोखंडी पिंप. काम असं की भाताचा पेंढा, तूस, उसाचं चिपाड, जे जे शेतात फुकट जातं किंवा जाळलं जातं, त्यातून साखर काढायची. चहात घालायची साखर नव्हे. पेंढा बारीक कापायचा, कॉस्टिक सोड्याच्या सौम्य, गरम पाण्यात शिजवायचा, धुऊन काढायचा, आणि मग त्यात एन्झाइम घालून दोन-तीन दिवस उबेत ठेवायचा. पेंढ्याचा धागा म्हणजे मुळात साखरेचीच लांब साखळी आहे. एन्झाइम ती साखळी कडी-कडी करून तोडतं. खाली उरतो तो पातळ, चहासारखा दिसणारा साखरेचा पाक. तो यीस्ट वाढवणाऱ्यांना, जनावरांचं खाद्य करणाऱ्यांना लागतो. आणि पाक गाळून जो चोथा राहतो तो वाळवून, तूस मिसळून, हवाबंद पिंपात तापवायचा. हवाच नाही, म्हणून त्याची राख होत नाही, कोळसा होतो. त्याला बायोचार म्हणतात. मातीत घातला की पाणी धरतो, खत धरतो, आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो.

हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा शेजारच्या शेताचे काका ओटीवर बसले होते. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांच्या चार म्हशी, गावात आता तेवढीच जनावरं उरलीत. ते म्हणाले, "पेंढ्यात साखर हाय? मंग आमच्या बैलानं जन्मभर काय खाल्लं, पेढे?"

सगळे हसले. मीही हसले, पण मनातून मला राग आला. कारण काका चुकून बरोबर बोलले होते. बैलाच्या पोटात हेच होतं. तिथले जंतू पेंढ्याची साखर करतात म्हणून तर बैल पेंढ्यावर जगतो. मी ते समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे तुला एम.एस्सी. करून बैलाची नोकरी लागली.

दुसऱ्या सोमवारी मी आमच्याच उडवीतला, म्हणजे खळ्यात रचलेल्या गंजीतला पेंढा पिशवीत भरून शेडमध्ये नेला. तिसऱ्या दिवशी पाकाचे चार थेंब परीक्षानळीत घेऊन, निळं बेनेडिक्टचं द्रावण घालून तापवलं. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं आणि मग विटेसारखं लाल झालं, म्हणजे साखर निघाली होती. ही चाचणी बारावीतली पोरंही करतात. मी शंभर वेळा केली असेल. पण त्या नळीत आमच्या खाचरातला पेंढा होता, जो आय दरवर्षी राबावर रचून जाळायची तो. मी नळीचा फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांनी फोन करून विचारलं, "हे रक्त कसलं?"

आमची खाडीकडची जमीन केव्हाच संपादनात गेली. वरच्या अंगाची दोन एकर राहिली. ज्या टेकडीवर आम्ही कवळ तोडायचो ती टेकडीही राहिली नाही, विमानतळासाठी सपाट झाली. मग राब कशाचा भाजायचा? लोकांनी आपापला मार्ग काढला. रस्त्याच्या कडेच्या कंटेनर यार्डांत मोडके लाकडी पॅलेट, म्हणजे मालाखालच्या फळ्यांच्या चौकटी, मिळतात, खोकी मिळतात, पट्ट्या मिळतात. तेच वाफ्यावर रचून पेटवायचं. पॅलेटच्या लाकडाला कसलंतरी औषध चोपडलेलं असतं, पट्ट्या तर प्लास्टिकच्या. तो धूर पिवळा असायचा आणि घशाला चिकटायचा.

अशाच एका वर्षी राब भाजताना आय वाफ्याच्या कडेला खाली बसली ती उठेचना. पनवेलच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, आयला फुंकताच येईना. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांचं फुप्फुस चूल आणि धूर यांनी निम्मं झालंय, पुन्हा असा धूर छातीत गेला तर मला बोलावू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्या. घरात गॅस होताच. राहिला राब. मी आयला म्हटलं, पुढच्या वर्षी राबाकडे फिरकायचं नाही. ती म्हणाली, मग भाजणार कोण? बाबांचे गुडघे गेलेले. आणि तिला घरात बसवलं तरी धूर घरात येणारच होता, वाफा परसाच्या पलीकडेच होता.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की राब भाजायचाच नाही. राबाच्या जागी शेडमधला कोळसा घालायचा. पेंढा आमचाच, त्याची साखर काढून झाल्यावर उरलेला कोळसा आमच्याच वाफ्यात. शेड चालवणाऱ्या मॅडमना विचारलं. मॅडम वयाने माझ्या आयएवढ्या, रोडपालीला राहतात, बोलणं कमी. त्यांना कुणातरी शेतकऱ्याच्या रानात कोळसा वापरून बघायचाच होता. त्या हो म्हणाल्या आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. कोळसा कोरडा घालायचा नाही. आधी पंधरा दिवस शेणकाल्यात, म्हणजे शेण कालवलेल्या पाण्यात, भिजत ठेवायचा. मी मान डोलावली. वहीत लिहूनही घेतलं.

बाबांना राजी करणं सोपं नव्हतं. ते म्हणाले, "बाय, आमी कदी राब न भाजता पेरला नाय. निम्मा वाफा तुजा, निम्म्यावर मी राब भाजतो. निम्म्याचं काय झालं तर निम्मं राहील."

आज वाटतं, त्या घरात शास्त्र कुणाला कळत होतं तर ते बाबांना. कुठल्याही प्रयोगात असंच करतात, अर्ध्यावर करायचं, अर्ध्यावर नाही. मला कॉलेजात हेच शिकवलं होतं. पण मी म्हटलं, निम्म्याचा धूरही धूरच. आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. काकांच्या आणि सगळ्या आळीच्या डोळ्यांदेखत मला तो वाफा पुरता काळा करून दाखवायचा होता. बाबा उठले. मग आत जाऊन आयकडे बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाले, घाल सगळीकडे.

दोन एकराची रोपं एका वाफ्यात. रोपं मेली तर दुसरी कुठून आणणार? गावात भात लावणारी घरंच दहा-बारा राहिलीत, ज्याने त्याने आपल्यापुरतीच पेरलेली असतात. पेरणीची वेळ गेली की गेली, पुन्हा पेरून तीन आठवड्यांनी रोप तयार होईपर्यंत लावणी सरते. म्हणजे वर्षाचं भात त्या वाफ्यात होतं, आणि आय पुढच्या वर्षी धुरात उभी राहणार की नाही तेही.

कोळसा वेळेत झाला नाही. पिंपाचं झाकण तडकलं, नवं यायला दहा दिवस गेले. गोण्या आमच्या दारात उतरल्या तेव्हा रोहिण्या लागल्या होत्या आणि पेरणीला चार दिवस होते. शेणकाल्यात पंधरा दिवस भिजवायला पंधरा दिवस हवेत ना. मी बाबांना म्हटलं, थोडं थांबू या. बाबांनी गोणीत हात घालून कोळसा चोळला. राखेसारखा मऊ नव्हता, बोटांत करकरला. ते म्हणाले, "काळा हाय, कोरडा हाय, थंड हाय. राबाला अजून काय लागतं? राब काय कोनी भिजवतं?"

इथे माझी चूक झाली, बाबांची नाही. मला उत्तर माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं. पण मी राबाच्याच घरातली. काळा वाफा दिसला की तो तयार झाला, आता मूठ भरायची, हे हातांना लहानपणापासून माहीत. उलट राबाला पेरणीआधी पाणी लागलं तर राख वाहून जाते म्हणून आम्ही वर प्लास्टिक घालून तो राखलेला आहे. भिजवायचं हे माझ्या डोक्याला पटलेलं, हातांना पटलेलं नव्हतं. मी गोण्या फोडल्या आणि बाबांच्या बरोबरीने कोळसा पसरला. कोरडाच. आणि राबाची राख असते तसाच जाड, बोटाची दोन पेरं. वाफा इतका सुंदर काळा दिसत होता की मी त्याचा फोटो मॅडमना पाठवला. शेणकाल्याचं काही लिहिलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

काका बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "कोळशावर भात शिजतो गो, पिकत नाय."

पेरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मोड आले. आठव्या दिवशी वाफ्यावर हिरवी लव. काका बांधावर येऊन बघून गेले. मी शेडमध्ये सगळ्यांना फोटो दाखवला. बाबांनी आयला हाताला धरून वाफ्यापर्यंत नेलं, ती खोकल्याशिवाय तिथवर गेली आणि आली.

अकराव्या दिवशी बाबांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता. म्हणाले, वाफ्याचा रंग जरा उतरलाय, तू येशील तेव्हा बघ. मी त्याच संध्याकाळी उजेड असताना पोहोचले. रंग उतरला नव्हता, गेला होता. कडेची दोन बोटं सोडून सगळा वाफा पिवळा. पानांची टोकं करपलेली. एक रोप उपटून बघितलं, मुळं आखूड, तपकिरी. पलीकडे काकांचा वाफा, पॅलेट आणि खोक्यांवर भाजलेला, काळपट हिरवा.

बाबांनी विचारलं, काय झालं असेल? मी म्हटलं, पाऊस जास्त झाला, सावरतील रोपं. हे मी बोलले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना ते खरं वाटलं, कारण मी शिकलेली. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

पुढचे तीन दिवस मी नीट जेवले नाही. शेडमध्ये मापं चुकायला लागली. एका टाकीत एन्झाइम दोनदा घातलं. आय दुपारी फोन करायची, वाफ्याबद्दल चकार शब्द काढायची नाही, जेवलीस का विचारायची. तिच्या मागे बाबांचा आवाज यायचा, तिला म्हणायचे, इचारू नको तिला. ते ऐकून मला आणखी भीती वाटायची. दररोज सकाळी उठल्यावर पहिला हिशेब दिवसांचा. रोपं एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली की लावायची. तेरा झाले. चौदा झाले.

पंधराव्या दिवशी मी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगितलं की कोळसा भिजवला नव्हता. कोरडा घातला. जाड घातला. आणि घरी मी पावसाचं नाव सांगितलंय.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "घरी खरं कधी सांगणार?"

म्हटलं, रोपं सुधारली की. त्या म्हणाल्या, मग सुधारणार नाहीत, कारण सुधारायचं काम घरच्यांनी करायचंय. मग त्यांनी कागदावर मला समजावलं. मला ते येत होतं, तरी ऐकलं. ताजा कोळसा उपाशी असतो. स्पंजासारखा पोकळ. त्याला आधी शेणकाल्याने पोटभर केलं नाही तर तो मातीतलं अन्न स्वतःच ओढून घेतो आणि रोपाला काही उरत नाही. त्यात तो आम्लाच्या उलट, अल्कलीचा, त्याने रोपाला लोह मिळत नाही. उपाय एवढाच की आता उभ्या वाफ्यात कोळशाचं पोट भरायचं. वरचा थर हाताने कमी करायचा, आणि पातळ गोमूत्र, पातळ शेणकाला, चिमूटभर युरिया, एक दिवसाआड घालत राहायचं. जगली तर जगतील. त्यांनी जगतीलच असं म्हटलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

घरी गेले. बाबा ओटीवर बसून दोरी वळत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पावसाचं खोटं होतं, कोळसा भिजवायला मला सांगितलेलं होतं, मी भिजवला नाही. एका दमात सांगितलं, नाहीतर अर्धं राहिलं असतं.

बाबांचे हात थांबले. त्यांनी दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तू मना इचारलं असतं ना, भिजवायचा का, तं मी पन नाय म्हनलो असतो. आता काय करायचं ते सांग."

मी काय करायचं ते सांगितलं. गोमूत्र, शेण. बाबा म्हणाले, जनावर कुनाकडं हाय? आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

काकांच्या गोठ्याकडे मी एकटी गेले. बाबा येतो म्हणाले, मी नको म्हटलं. काका म्हशीला पाणी दाखवत होते. मी म्हटलं, काका, मला म्हशींचं मूत आणि शेण पाहिजे, रोज दोन बादल्या, आठ-दहा दिवस. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. वाफा त्यांच्या बांधावरून दिसत होता, त्यांना सगळं कळलेलं होतं. बादली खाली ठेवून ते म्हणाले, "साखरवाल्या बाई आता मुतावर आल्या."

मी म्हटलं, आले. माझीच चूक झाली. द्याल का?

काका जरा गडबडले. मी वाद घालेन असं त्यांना वाटलं असावं. मग म्हणाले, गोठ्यात खळगा आहे, त्यात साचतं, सकाळी लवकर ये, उशीर झाला की घोंगावतात माश्या. आणि बादली तुझी आण, माझी फुटकी आहे.

मी आठ दिवसांची रजा काढली. सकाळी काकांच्या खळग्यातून उपसायचं, दहापट पाण्यात घालायचं, झारीने वाफ्यावर द्यायचं. वरचा कोळसा आम्ही रोपांमधून हाताने, मूठमूठ करून काढला, रोप हलणार नाही असा. आयला वाकायचं काम नको म्हटलं तरी ती पाटावर बसून करायची. तिथे धूर नव्हता, त्यामुळे मी तिला उठवू शकत नव्हते. तीन माणसं, एका वाफ्याभोवती, वाकून. बाबा रोज एकाच कोपऱ्यातलं एकच रोप बघायचे. मी त्यांना विचारलं, तेच का? म्हणाले, सगळी बघितली तर डोळे फसवतात.

पहिले चार दिवस काही झालं नाही. पिवळी पानं पिवळीच. उलट मधल्या भागातली काही पुरती आडवी झाली. मी आकडे मांडत होते, एवढी गेली, एवढी उरली, दोन एकराला पुरायला एवढी हवीत. कसंही मांडलं तरी पुरत नव्हती. पाचव्या दिवशी मी बाबांना म्हटलं, तालुक्याला जाऊन कुणाकडे रोपं मिळतात का बघते. बाबा म्हणाले, थांब. त्यांचं ते कोपऱ्यातलं रोप त्यांनी दोन बोटांत धरलं होतं. जुनी पानं तशीच होती. मधून सुईसारखं एक नवं पान निघालं होतं, आणि ते हिरवं होतं.

एका पानाने मला आनंद झाला नाही, खोटं कशाला लिहू. मला एवढंच वाटलं की हे पान उद्या पिवळं झालं तर मी काय करीन. दुसऱ्या दिवशी ते पिवळं झालं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रोपांनाही सुया फुटल्या. पण दिवस हातातून चालले होते. काकांची लावणी सुरू झाली, मग संपली. आमची रोपं तेव्हा कुठे बोटभर उंच. गावातली शेवटची खाचरं लावून झाली आणि आमचीच कोरी राहिली. जाता-येता माणसं विचारायची, अजून नाय का लावली? बाबा सांगायचे, लावू. एकच शब्द.

पेरणीला बत्तीस दिवस झाले तेव्हा रोपं उपटली. अर्धी गेली होती. एरवी आम्ही एका जागी मूठभर, सहा-सात रोपं लावतो. मी म्हटलं, दोन-दोनच लावू, अंतर जास्त ठेवू, म्हणजे बुडातून नवे फुटवे येतील. बायका लावायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, दोन रोपं म्हणजे शेत आहे की टक्कल. बाबांनी त्यांना सांगितलं, ती सांगते तसं लावा. एवढं सगळं झाल्यावरही त्यांनी तसं सांगितलं. मला मान वर करता येईना, मी लावत राहिले.

शेवटच्या खाचराला रोपं पुरली नाहीत. ते तसंच सोडलं. त्यानंतर भाद्रपदापर्यंत मला धड झोप लागली नाही. फुटवे येतात की नाही हे बघायला मी दर रविवारी बांधावर जायचे आणि बोटांनी मोजायचे. दोनाचे पाच झाले, पाचाचे अकरा. तरी कणीस भरेपर्यंत मी कुणाजवळ काही बोलले नाही. शेडमध्ये आमच्या वाफ्याचा अहवाल लिहिताना मॅडम म्हणाल्या, पिवळं पडलेलंही लिही. मी सगळं लिहिलं. कोणी कोरडा घातला, का घातला, किती रोपं मेली, सगळं. खाली माझी सही केली.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या आधीच कोळसा आणला. काकांच्या गोठ्याजवळ खड्डा करून त्यात शेणकाला भरला, कोळसा घालून महिनाभर मुरवला, आणि वाफ्यात पातळ पसरला, मातीत मिसळून. निम्म्यावरच. उरलेल्या निम्म्यावर काहीच घातलं नाही, नुसतं शेणखत. बाबांनी तसं मागितलं आणि या वेळी मी नाही म्हटलं नाही. कोळशाच्या बाजूची रोपं पुढे गेली. काका अजून राबच भाजतात. पण त्यांनी वाफा आमच्या घरापासून लांब, रस्त्यापलीकडे नेलाय, आणि पॅलेट जाळणं सोडलं. का ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या पहिल्या वर्षी एक खाचर रिकामं राहिलं, बाकीच्यांत भात आलं, ते घराला वर्षभर पुरलं. गेले तीन हंगाम आमच्या घरी राब भाजलेला नाही. गावातल्या पाच घरांचा पेंढा आता शेडमध्ये जातो, त्याची साखर निघते, आणि उरलेला कोळसा मुरवून त्या पाच घरांच्या वाफ्यांत पडतो. आयला त्यानंतर हॉस्पिटलात न्यावं लागलेलं नाही.